उजवी उतरण

प्रिय पोरी,

तुझा आलेख पाहिला. केप्लर या अवकाश दुर्बिणीने शोधलेले, दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह परिभ्रमणकाळानुसार, म्हणजे एका फेरीला लागणाऱ्या दिवसांनुसार मांडलेस. दहा दिवसांच्या आसपास उंचवटा आला, पुढे आलेख उतरत गेला. परीक्षक म्हणाले, सूर्यासारख्या ताऱ्यांचे ग्रह जवळच गर्दी करतात, आपली सूर्यमाला अपवाद, तसंच लिही. तुझं मन मानेना, आणि आता विचारतेस, "सर, विषयच बदलू का?"

नको. मन मानेना हेच तुझ्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात चांगलं आहे.

एखादी गोष्ट दिसली नाही, तर आधी विचार: असती तर दिसली असती का? वर्गात मी हे इतकं बोललो की पोरं माझी नक्कल करायची. करू देत.

केप्लर अधिक्रमण शोधायची, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश किंचित घटतो ते. त्यासाठी कक्षा नेमकी आपल्या नजरेच्या रेषेत हवी. दहा दिवसांच्या कक्षेसाठी ही शक्यता साधारण विसात एक, पृथ्वीच्या कक्षेसाठी सव्वादोनशेत एक, गुरूसाठी हजारात एकही नाही. त्यात दुर्बिणीने त्या ताऱ्यांकडे चारच वर्षं टक लावली, गुरूला एका फेरीला बारा लागतात. पृथ्वीएवढ्या ग्रहाने प्रकाश दहा हजारात एका भागाइतकाही घटत नाही. बांधावर उभं राहून केळीचा मळा मोजशील तर कडेच्याच ओळी मोजशील ना?

म्हणून भागाकार कर, सापडलेल्या संख्येला दिसण्याच्या शक्यतेने. दहा दिवसांचा एक ग्रह दिसला, तर तो विसांच्या वतीने दिसला. वर्षाचा एक दिसला, तर दोनशेंहून जास्त ग्रहांच्या वतीने. मग लॉग स्केलवर, म्हणजे १, १०, १०० दिवस सारख्या अंतरावर मांडून बघ: दहा दिवसांपलीकडे छोट्या ग्रहांची संख्या जवळपास सपाट जाते. उजवी उतरण दुर्बिणीची आहे, आकाशाची नाही.

पण डावी उतरण खरी! दहा दिवसांच्या आतले ग्रह तर सगळ्यात सोपे दिसायला, तरीही कमी आहेत. ताऱ्याच्या अगदी जवळ खरोखरच विरळ. हे तुझ्या आलेखात होतं आणि तुझ्या लक्षात आलं नाही, याचा मला थोडा राग आहे.

१९९५ मध्ये मेयर आणि क्वेलो या खगोलशास्त्रज्ञांना सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला, तो सव्वाचार दिवसांत फेरी मारणारा, गुरूच्या जातीचा. पुढे नोबेल मिळालं. ती जात मात्र शंभर ताऱ्यांमागे जेमतेम एखाद्याकडे. सोपी होती म्हणून आधी सापडली. मोठ्या ग्रहांची संख्या बाहेर, पृथ्वीच्या कक्षेपलीकडे वाढत जाते. अपवादाची गोष्ट अगदीच खोटी नाही: पृथ्वी आणि नेपच्यूनच्या मधल्या आकाराचे ग्रह तिकडे भरपूर, आपल्याकडे एकही नाही. दुरुस्ती करूनही हे टिकतं, म्हणून लिही.

माझ्याबरोबरचे लोक पुण्या-मुंबईला गेले, त्यांचे पेपर निघाले. मी तालुक्याच्या कॉलेजात राहिलो. खंत आहे, नाही कशी? पण अर्धवट मोजलेलं छापलं नाही, आणि त्यासाठी 'खोडे घालणारा' म्हणवून घेतलं. आजही तेच करीन. चाळीसगावजवळ पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे. अभिमान आपल्याकडे घरोघरी, भागाकार करायला मात्र कोणी बसत नाही.

बरं, काम ऐक. केप्लरच्या प्रकाशनोंदी सगळ्यांना खुल्या आहेत. त्यात खोटी अधिक्रमणं स्वतः घाल, लहान, मोठी, लांब काळाची, आणि तुझा प्रोग्राम किती पकडतो ते मोज. केप्लरच्या गटानेही हेच केलं होतं. किती निसटली ते कळल्याशिवाय निष्कर्षाची ओळ लिहायची नाही, परीक्षक काहीही म्हणोत.

रविवारी जळगावात आहे. दोन्ही आलेख घेऊन ये, भागाकाराआधीचा आणि नंतरचा. आणि अक्षांवर एककं लिही, या वेळी पण राहिलीत.

तुझा,
सर