आजोबा ‘गावाला’ गेले आणि पोरगं हट्टी झालं

मी लहान मुलांवर खेळातून उपचार करते. माझ्याकडे तीन ते सहा वर्षांची मुलं घेऊन येणाऱ्या पालकांचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: ‘असा नव्हता हो हा, अचानकच बिघडला.’ मारतो, चावतो, रस्त्यात लोळण घेतो, रात्रीचं अंथरूण पुन्हा ओलं करायला लागलाय. दुसरं वाक्य, ‘तुम्ही जरा समजावून सांगा.’ आणि थोड्या भेटी झाल्या की तिसरं, जरा चाचरत, ‘मॅडम, तुम्ही त्याच्याशी नुसतंच खेळता का?’

हो, खेळतेच. मोठ्या माणसाला समोर बसवून ‘काय होतंय?’ विचारता येतं. चार वर्षांच्या मुलाला तेच विचारलं तर ते ‘काय नाय’ म्हणून खिडकीबाहेर बघतं. त्याला काय होतंय हे ते सांगत नाही, करून दाखवतं. व्हर्जिनिया ॲक्सलाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४७ साली खेळातून उपचार करण्याच्या या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. वाट मुलाने दाखवायची आणि मोठ्याने मागून चालायचं, हे त्यांचं तत्त्व. माझी सगळी भिस्त त्यावरच आहे. बक्षिसांचे तक्ते आणि स्टिकर वापरणारे सहकारी मला थोडं जुन्या वळणाचं समजतात. समजोत.

साताऱ्याच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाला आपण सोनू म्हणू. वय साडेचार. बाबांची नोकरी पुण्याला, सोमवारी पहाटेच्या एसटीने जायचे आणि शनिवारी यायचे. सोनूच्या जन्माआधीपासून हाच क्रम. पण दिवाळीनंतर दर सोमवारी घरात रणकंदन व्हायला लागलं. बाबांचा एक बूट गायब. तो कधी पाण्याच्या पिंपामागे सापडायचा, कधी तांदळाच्या डब्यात. सापडला की सोनू बाबांच्या पोटरीला चावायचा. बालवाडीतही कोणी खेळण्यातली गाडी घेतली की त्याला ओरबाडायचा. ‘लाडाने शेफारलाय,’ आईचं निदान. आजींचं म्हणणं, दृष्ट लागली असावी.

घरात अलीकडे काही घडलंय का, असं मी विचारलं. ‘नाही, विशेष काही नाही.’ मग निघता निघता, ‘सासरे गेले पावसाळ्यात. पण याला काही कळलेलं नाही. आम्ही सांगितलं, आजोबा गावाला गेलेत.’

माझ्या खोलीत वाळूचा ट्रे, भातुकली, बाहुल्यांचं कुटुंब आणि एक लाल एसटी आहे. सोनूने पहिल्या दिवशी एसटी उचलली ती सोडलीच नाही. म्हातारा बाहुला आत बसवायचा, गाडी वाळूतून टोकापर्यंत न्यायची आणि ट्रेखाली ढकलून द्यायची. मग रिकामे हात झटकायचे. भेटीमागून भेट हेच. मी फक्त जे दिसतंय ते बोलत होते. ‘आजोबा बसले. गाडी निघाली. गेली.’

एके दिवशी गाडी ढकलून तो तसाच ट्रेखाली वाकून बघत राहिला.

‘नाहीयेत,’ म्हणाला.

‘आजोबा तिथे नाहीयेत,’ मी म्हटलं.

‘गावाला पण नाहीयेत. मी बघितलं. गोठ्यात पण बघितलं.’

दिवाळीला सगळे गावी गेले होते. आजोबा जिथे आहेत असं त्याला सांगितलं होतं, तिथे हे पोरगं त्यांना चार दिवस हुडकत होतं आणि कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मी गप्प राहिले. त्याने बाबा बाहुला उचलला, गाडीत बसवला आणि ओंजळीओंजळीने वाळू टाकून गाडीची चाकं पुरायला लागला. चारही चाकं बुडाली तरी तो थांबेना.

‘आता ही गाडी जाऊच शकत नाही,’ मी म्हटलं.

‘हां.’

‘बाबा गेले तर तेही सापडणार नाहीत, असं वाटतं.’

त्याने मान हलवली आणि पहिल्यांदा माझ्या अंगाला पाठ टेकवून बसला. बुटाचं कोडं तिथे सुटलं. ज्याला आपण हट्ट म्हणत होतो, तो या मुलाने घरातला उरलेला पुरुष वाचवायला मांडलेला खटाटोप होता. समजावून सांगून हे कधी हाती लागलं असतं, असं मला वाटत नाही.

आई-बाबा आणि आजी, तिघांना एकत्र बसवलं. आजी चिडल्या. ‘एवढ्याशा लेकराला मरण सांगायचं?’

‘आजी, मरण त्याच्या घरी येऊन गेलंय. भिंतीवर हार घातलेला फोटो आहे, खाट काढून टाकलीय, तुम्ही रात्री रडता ते त्याला ऐकू येतं. त्याला फक्त कोणी सांगितलेलं नाही.’

त्या बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मीच सांगते.’

मरण कसं सांगायचं, हे मला सतत विचारलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मारिया नागी या संशोधक बाईंनी बुडापेस्टमधल्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाचच्या आतली मुलं मरणाला दूर जाणं किंवा झोपणं समजतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे मूल आधीच ज्या गैरसमजात असतं, नेमकं तेच आपण त्याला सांगतो. ‘झोपले’ म्हटलं की मूल झोपायला घाबरू शकतं. ‘देवाने बोलावलं’ म्हटलं की पुढचा नंबर कोणाचा, हा प्रश्न येतो. देवाचं सांगायला माझी हरकत नाही, पण आधी खरं सांगा, मग देव. आजींनी सांगितलं ते असं: ‘आजोबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं. आता ते जेवत नाहीत, त्यांना दुखत नाही, ते परत येणार नाहीत. तू काही केलंस म्हणून झालं नाही.’ हे शेवटचं वाक्य गाळू नका. आपण त्रास दिला म्हणून माणूस गेलं, असं या वयात मुलांना खरंच वाटतं.

सांगितल्यावर मूल रडेल असं धरून चालू नका. सोनूने ऐकलं आणि भजी मागितली. तासाभराने विचारलं, ‘मग कधी येणार?’ हा प्रश्न पुढे कित्येकदा येतो. दर वेळी त्याच शब्दांत, न वैतागता उत्तर द्यायचं. आपल्याला रडू आलं तर मुलासमोर रडावं. ‘मला आजोबांची आठवण आली’ एवढं सांगावं.

बाबांसाठी वेगळं काम होतं. मूल झोपेत असताना गुपचूप निघायचं नाही, उठवून निरोप घ्यायचा. कॅलेंडरवर शनिवारच्या तारखेला गोल करायचा, रोज एक फुली मारायची आणि बाबांचा रुमाल सोनूच्या उशाखाली. चावण्याला मात्र सूट नाही. ‘तुला राग आलाय, कळतंय मला. चावायचं नाही. ही उशी बडव.’ राग चालेल, चावणं नाही, ही रेघ घरातल्या सगळ्यांनी एकाच जागी ओढली पाहिजे. आजींनी मागच्या दाराने सोडलं की संपलं. बालवाडीच्या ताईंनाही घरात काय घडलंय ते कळवलं. बूट जागेवर राहायला लागले. दुकानात चॉकलेटसाठी सोनू अजून लोळण घेतो, आणि साडेचार वर्षांच्या मुलाच्या त्या हक्कावर मी काही उपाय करणार नाही.

मूल आठवडेच्या आठवडे नीट जेवत-झोपत नसेल, खेळायचंच सोडून दिलं असेल किंवा ‘मला पण आजोबांकडे जायचंय’ असं वारंवार म्हणत असेल, तर मात्र वाट बघू नका. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनवरची सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. निदान कुठे जायचं ते विचारता येईल.

वर्षश्राद्धाला मुलाला बसू द्यावं का, हेही परवा कोणीतरी विचारलं. बसू द्या, पण आदल्या दिवशी सांगून ठेवा: गुरुजी येतील, पान वाढतील, आजी कदाचित रडेल. आणि कंटाळलं की त्याला बाहेर अंगणात नेईल असं एक माणूस आधीच ठरवून ठेवा.