रिकामी बादली बघवत नाही

हा प्रश्न माझ्याकडे दर वेळी वेगळं लुगडं नेसून येतो. कुणाचं शिवणयंत्र असतं, कुणाचा ओव्हन, कुणाची कुंभाराच्या चाकाची हौस. "ताई, एवढी वस्तू घेतली, ती पडून राहिली की जीवाला चैन नाही. सतत चालू ठेवली तर घरचे वैतागतात. हे वेड म्हणायचं का?" वेड नाही, एवढं आधीच सांगते. पण "छंद आहे, चालायचंच" म्हणून सोडून द्यावं असंही दर वेळी नसतं. मधली जागा कशी असते ते एका घरच्या गोष्टीवरून सांगते. त्या दोघांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

पहिला फोन बायकोचा होता. मे महिन्यातला, सकाळी साडेआठचा. आदल्या रात्री एक वाजता त्यांच्या पोटमाळ्यावर बाटली फुटली होती. एक फुटली, मग शेजारच्या दोन. सासूबाईंना वाटलं गॅस सिलिंडरच गेला. काचेचे तुकडे कूलरच्या जाळीत अडकलेले आणि घरभर व्हिनेगरसारखा आंबूस वास. नवरा आतल्या खोलीत अमेरिकेच्या कॉलवर. धावत बाहेर आला आणि पहिलं वाक्य काय बोलला? "आल्याची बॅच होती का गं?"

"मला दारूडा नवरा परवडला असता," बाई म्हणाल्या. "तो निदान संपवतो तरी."

मी टिपणवहीत त्या नवऱ्याचं नाव 'बरणीवाले' असं लिहिलं. आमच्या इंदूरचेच, रामबागेत वाढलेले. अकरा वर्षं अमेरिकेत होते. वडील गेल्यावर आई एकटी पडली म्हणून परत आले, नोकरी तीच, फक्त रात्रपाळीची झाली. तिकडे त्यांना घरी बिअर करायचा छंद लागला होता. तिथे तो राजरोस छंद आहे. 1978 साली अमेरिकेने घरच्या बिअरला मोकळीक देणारा कायदा केला, पुढच्या वर्षी तो लागू झाला. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला 200 गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण 757 लिटर, विकायची मात्र नाही. त्यांनी हा आकडा मला पहिल्याच भेटीत सांगितला आणि वर म्हणाले, "मी कधी ओलांडला नाही हं, ताई."

इथे परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, हे त्यांना माहीत होतं आणि तसं त्यांनी कधी केलंही नाही. पण सामान बोटीने आलं होतं. 25-25 लिटरच्या तोटीवाल्या दोन बादल्या, एक कार्बॉय म्हणजे काचेचा मोठा बुधला, आतला गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच म्हणजे एअरलॉक, गोडी मोजायचा हायड्रोमीटर, झाकणं दाबायचं यंत्र. मग बादल्यांत कॉम्बुचा सुरू झाला. गोड चहा, त्यावर जिवाणू आणि यीस्टची ती रबरी साय, आठ-दहा दिवसांत आंबट पेय तयार. बर्तन बाजारातून 5 लिटरच्या चार काचेच्या बरण्या आल्या. सियागंजातून चहा किलोने आणि साखर पोत्याने यायला लागली.

आता माझी चूक. आंबवणं, बाटल्या, रात्रीचं जागरण हे ऐकून मी सरळ दारूच्या वाटेला लागले. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची 10 प्रश्नांची चाचणी असते. 40 पैकी 8 किंवा त्याहून जास्त गुण आले तर पिणं घातक वळणावर आहे असं धरतात. यांना आले 2. बिचाऱ्यांनी सगळी उत्तरं शांतपणे दिली आणि शेवटी म्हणाले, "तिकडेही मी करायचो जास्त, प्यायचो कमी." मी ते वाक्य लिहून घेतलं, पण ऐकलं नाही. आणखी एक अख्खी भेट मी पिण्याभोवतीच घालवली.

तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, "त्या कार्बॉयमध्ये काय लावता?" कॉम्बुचाला हवा लागते, त्याला रुंद तोंडाचं भांडं हवं. कार्बॉयचं तोंड अरुंद, तो बिअरसाठीच. म्हणजे इथे त्याला कामच नव्हतं.

ते जरा ओशाळले. "त्यात पाणी आहे."

"कसलं?"

"नळाचं. नर्मदेचं. रिकामा बघवत नाही हो. वर एअरलॉकही लावलाय."

तिथे मला गाठीचं टोक सापडलं. या माणसाला पेय नको होतं, त्याला रिकामं भांडं नको होतं. आपल्याकडे रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, रिकामं जातं ओढू नये म्हणतात. यांनी त्यापुढे जाऊन रिकामं काही ठेवूच नये असा नेम धरला होता.

तो नेम आला कुठून हेही त्यांनीच सांगितलं. तिकडे त्यांचा आठ-दहा जणांचा कंपू होता. रविवारी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमायचे. भेटल्यावर "कसा आहेस" च्या जागी "सध्या काय लावलंयस?" असं विचारायचे. एक बाटलीत, एक आंबतंय, एक डोक्यात, अशी साखळी तुटू न देणं ही मर्दुमकी समजली जायची. अकरा वर्षांत "काही नाही" असं उत्तर देण्याची त्यांच्यावर वेळ आली नव्हती. आता विचारणारं कुणी नव्हतं, तरी उत्तर तयार असायचं. यात बालपणीची जखम वगैरे काही नाही. मी शोधली, खोटं कशाला बोलू. सापडली नाही.

मग मी त्यांना कागद दिला. त्यांच्याच हाताने हिशोब मांडू द्यावा, मी सांगितलेला आकडा कुणाला पटत नाही. दोन बादल्यांत 20-20 लिटर, चार बरण्यांत मिळून 20. दहा दिवसांत 60 लिटर. पिणारे कोण? ते दिवसाला दोन पेले, बायको एक. मुलगा हात लावत नाही, आई नावच घेत नाहीत. म्हणजे दहा दिवसांत 6 लिटर. उरलेले 54? फ्रिजमध्ये, पोटमाळ्यावर आणि शेजाऱ्यांकडे. शेजारच्या काकू यांना लिफ्टमध्ये पाहिलं की जिना धरायच्या. वर्षाचा आकडा निघाला 2190 लिटर. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. तिकडच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट.

"पण ताई, दर वेळी काहीतरी वेगळं असतं ना," ते म्हणाले. "जांभूळ, आवळा, गूळ-आलं."

इथे मला एक जुना प्रयोग सांगावासा वाटला. क्रिस्टोफर सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली छापलेला. लोकांना एक प्रश्नावली भरायला दिली आणि सांगितलं, ही इथेच देऊन थांबा किंवा लांब चालत जाऊन तिकडे द्या, दोन्हीकडे एक चॉकलेट मिळेल. चॉकलेट सारखंच आहे म्हटल्यावर बहुतेक जण बसून राहिले. दोन ठिकाणी वेगवेगळं चॉकलेट आहे म्हटल्यावर चालत जाणारे पुष्कळ वाढले. आणि चालून आलेले बसलेल्यांपेक्षा खूश होते. माणसाला रिकामं बसणं नको असतं, पण उठायला निमित्त लागतं, आणि निमित्त फुटकळ असलं तरी चालतं. जांभूळ, आवळा ही यांची चॉकलेटं. यात एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली की चालून आलेले खरंच खूश होते. कामात राहण्यातलं सुख खोटं नाही. म्हणून बायको म्हणत होती तसं "सगळं भंगारात द्या" हा उपाय मला मान्य नव्हता. ज्याचे रविवार गेले, गाव बदलला, दिवसाची रात्र झाली, त्याच्या हातातलं एवढंही काढून घ्यायचं?

गृहपाठ साधा दिला. एक बादली धुऊन, वाळवून, झाकण काढून अशा जागी ठेवायची की येता-जाता दिसेल. दोन आठवडे भरायची नाही. दिसली आणि हात शिवशिवले की वहीत आकडा लिहायचा, शून्य ते दहा. लपवायची मात्र नाही. डोळ्याआड केली तर अस्वस्थपणा ओसरतो कसा हे कळणारच नाही.

पहिला दिवस 8. तिसऱ्या संध्याकाळी 9. पाचव्या दिवशी त्यांनी बादली भरली.

कारण तयार होतं. "ती साय, स्कोबी, मरून गेली असती." पुढच्या भेटीला ते आईंनाही घेऊन आले, दवाखान्यात जाता-जाता. आई कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना काही विचारलंही नव्हतं. हे स्कोबीचं पुराण ऐकून त्या म्हणाल्या, "अरे, पण विरजण चमचाभर ठेवतात. पातेलंभर कोण ठेवतं?"

दोघंही गप्प झालो.

मी इतक्या भेटींत जे बोलले नव्हते ते हेच. दही मोडू नये म्हणून आपण घरोघरी विरजण राखतो, पण दही लावतो ते उद्या पानात किती लागेल ते बघून. शास्त्रही त्यांच्याच बाजूचं आहे. ती साय एका बरणीत, स्वतःच्याच आंबट पाण्यात आठवडेच्या आठवडे नीट राहते, अधूनमधून थोडा गोड चहा घातला की झालं. बिअरवाल्यांचा यीस्ट फ्रिजमध्येही जुना होतो, त्यामुळे तिकडे घाई करण्याला थोडा तरी अर्थ असतो. आणि भांडी? कोरडी, स्वच्छ ठेवलेली प्लास्टिकची बादली रिकामी राहून बिघडत नाही. उलट रोजच्या घासण्याने तिला चरे पडतात आणि त्या चऱ्यांत जंतू घर करतात. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. वस्तू वापरली नाही तर खराब होते ही भीती शिवणयंत्राला, सायकलला थोडीफार लागू पडते, तेलपाणी लागतं. बादलीला नाही.

दुसऱ्या खेपेला नियम उलटा केला. आधी पिणारा, मग भांडं. कोण पिणार, कधी आणि किती हे कागदावर लिहिल्याशिवाय चहा उकळायचा नाही. शेजारच्या काकूंचं नाव लिहायचं असेल तर आधी त्यांना विचारायचं. (विचारलं. काकूंनी दोन वर्षांत पहिल्यांदा खरं सांगितलं की त्या ते कढीपत्त्याला घालत होत्या.) बंद बाटल्या पोटमाळ्यावरून खाली आल्या. उन्हाळ्यात साखर शिल्लक असलेली बाटली झाकण लावून उबेत ठेवणं म्हणजे आत दाब वाढत ठेवणं. आता बॅच तयार झाली की थेट फ्रिजमध्ये, आणि फ्रिजमध्ये मावेल तेवढीच बॅच. फ्रिजचा एक कप्पा बायकोने कणकेसाठी परत मिळवला. मधल्या काळात जादा साया काढून टाकायचं कामही तिनेच केलं. ओल्या कचऱ्याचा डबा बघून गाडीवाल्याने विचारलं, "भाभीजी, ये जिंदा तो नहीं है?"

वहीतले आकडे 9 वरून एका रेघेत खाली आले असं नाही. दुसऱ्या आठवड्यात 4, मग रविवारी एकदम 8. रविवार अजून अवघडच जातो. तेव्हा मी त्यांना रविवारी सकाळी बादलीकडे बघत बसण्याऐवजी तिकडच्या त्या कंपूतल्या एकाला फोन लावायला सांगितलं. त्यांची तिथे शनिवारची रात्र असते. पहिल्याच फोनवर पलीकडून प्रश्न आला, "काय लावलंयस?" हे म्हणाले, "काही नाही." पलीकडचा म्हणाला, "माझंही तीन महिने रिकामंच आहे रे, गुडघ्याचं ऑपरेशन झालं."

ज्यांना आपल्या घरात असंच काही दिसत असेल त्यांनी घाबरण्याआधी एवढं बघावं. ठरवलं तर चार दिवस थांबता येतं का? झोप, पैसा, घरातली जागा यांतलं काय जातंय? थांबल्यावर नुसती हुरहूर वाटते, की काहीतरी वाईट घडेल असं वाटतं? हुरहूर असेल तर वही आणि एक रिकामं भांडं पुरे होतं. "हे केलं नाही तर आईला काही होईल" अशा धर्तीचे विचार येत असतील, ते खोटे आहेत हे कळूनही थांबत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. त्याला औषधं आहेत, वेगळी उपचारपद्धती आहे. यांचं तसं नव्हतं.

हिवाळ्याने मला आयती मदत केली. इंदुरात रात्री पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा दहा दिवसांची बॅच तीन आठवडे घेते. घाई करून उपयोग नसतो. डिसेंबरात त्यांच्याकडे एक बरणी चालू होती आणि एकीत विरजणापुरती साय. दोन्ही बादल्या पालथ्या.

कार्बॉयमध्ये अजून पाणी आहे. त्याला मी हात लावला नाही. तोंडाला बूच आहे ना, डास होणार नाहीत ना, एवढं विचारून घेतलं. चार रुपयांच्या पाण्याने माणसाला झोप लागत असेल तर लागू दे.

संक्रांतीनंतर ते शेवटचे आले. तिळगुळाची पुडी आणि एक बाटली, कागदात गुंडाळलेली. "आलं आणि गूळ. जपून उघडा, ताई, गॅस जबरदस्त आहे." भेटवस्तू मी घेत नाही, पण तिळगुळाबरोबर आलेल्याला नाही म्हणवेना. घरी नेऊन बाटली टॉवेलात गुंडाळली, मोरीत धरली, चेहरा लांब ठेवून झाकण उघडलं. फुस्सही झालं नाही. थंडीत गॅस धरलाच नव्हता. मी अजून त्यांना कळवलेलं नाही. कळवलं तर पुढची बॅच लावतील.