वाचकांचे प्रश्न: लाकडी लुअरचा हिशोब कसा ठेवायचा?

प्रश्न: मी वर्सोव्याला राहतो, जिताडा आणि तांबोशीसाठी लाकडाचे लुअर, म्हणजे गळाला लावायची नकली आमिषं, हाताने बनवतो. लाकूड म्हणजे सुताराकडचे तुकडे, पॅकिंगची फळी, कधी बाल्सा (फार हलकं लाकूड), जे मिळेल ते. मागच्या सीझनला एक तरंगता मिनो (छोट्या माशाच्या आकाराचा लुअर) भारी चालला, मित्रांनी तसेच मागितले म्हणून त्याच टेम्प्लेटवरून परत केले, तेवढंच शिसं घातलं, तर त्यातले अर्धे बुडाले. पहिल्याला लाकूड कुठलं होतं ते आता आठवत नाही. लेबल कुठे लावू, पेंटच्या वर की खाली?

उत्तर: दादा, लुअर तयार झाल्यावर लेबल लावायला गेलात तर उशीर झालेला असतो. नंबर द्यायचा तो लाकडाला, आणि तोही फळी घरात आली त्याच दिवशी. एकदा सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा हात) आणि प्रायमर (रंगाखालचा हात) चढला की आतमध्ये सावर आहे का पांगारा का पाइन, हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तुमचे अर्धे का बुडाले ते बघा. समजा तुमच्या मिनोचं आकारमान 40 सीसी (घन सेंटिमीटर) आहे, म्हणजे पूर्ण बुडाला तर समुद्राचं पाणी त्याला साधारण 41 ग्रॅमच्या जोराने वर ढकलणार. पहिल्या लुअरचं लाकूड एका सीसीला 0.35 ग्रॅम होतं असं धरा, तर लाकूडच झालं 14 ग्रॅम, आणि शिसं, हुक, वायर, पेंट धरून 38, म्हणजे 3 ग्रॅम राखून तरंगला. आता तेच लाकूड 0.45 चं आलं की ते होतं 18 ग्रॅम, एकूण 42, गेला खाली. टेम्प्लेट तोच, शिसं तेवढंच, हुकही तेच, फरक सगळा लाकडाचा. आणि हा फरक पडायला झाड वेगळं असावं लागत नाही, एकाच जातीच्या दोन फळ्यांत पण पडतो, बाल्सा तर 0.1 पासून 0.2 च्या वरपर्यंत काहीही मिळतो. म्हणून नुसतं 'बाल्सा' किंवा 'सावर' लिहून भागत नाही, वजन लिहायलाच हवं.

करायचं असं. फळी आणली की चौकोनी तुकडा कापा, मापं घ्या, लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी सेंटिमीटरमध्ये, आणि काट्यावर ठेवा. 10 बाय 2.5 बाय 2.5 चा तुकडा 62.5 सीसी होतो, 25 ग्रॅम भरला तर भागाकार 0.4. हा आकडा, तारीख आणि फळीचा नंबर लाकडावरच पेन्सिलीने लिहायचा, दोन्ही टोकांना, कारण एक टोक कापलं जातंच आणि नेमका नंबर त्याच्यावर असतो. तारीख का, तर मुंबईची हवा. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेलं लाकूड 17-18 टक्क्यांपर्यंत ओलावा धरतं, तेच कोरड्या महिन्यांत 11-12 वर येतं, म्हणजे जुलैत मोजलेला तुकडा आणि जानेवारीत मोजलेला तुकडा एकच असला तरी काटा वेगळं सांगणार. जुलैचं लाकूड लगेच सील करू नका, ओलावा आत अडकतो आणि पुढे पेंटला फोड येतात.

लिहायचं पेन्सिलीनेच, हे मी जोर देऊन सांगतो, कारण मार्करवर आणि बॉलपेनवर सगळ्यांचा फार भरवसा असतो. शाई थिनरमध्ये विरघळते, सीलरचा पहिलाच हात मारला की निळा-जांभळा डाग पसरतो आणि पांढऱ्या प्रायमरमधून वर येतो. पेन्सिलीला काही होत नाही. त्याहून पक्कं हवं असेल तर नागदेवीला हार्डवेअरच्या दुकानांत नंबर पंचचा, म्हणजे ठोकून आकडे उमटवायच्या खिळ्यांचा, सेट मिळतो, सगळ्यात बारीक साइज घ्या आणि पोटाकडच्या बाजूला, सीलरच्या आधी, हलक्या हाताने ठोका, बाल्सावर तर नुसतं दाबलं तरी उमटतं. धोबी पूर्वी कपड्यावर बिब्ब्याने खूण करायचे, भट्टीतून निघाली तरी न जाणारी, तशी खूण आपल्याला हवीय. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, पेंटच्या खाली पंच, आणि शेवटच्या एपॉक्सीच्या (रेझिन आणि हार्डनर मिसळून लावायचा कडक पारदर्शक थर) आधी पेंटच्या वर तोच नंबर बारीक ब्रशने.

लुअरवर एवढा नंबरच पुरे, 'स3-12' म्हणजे सावरीची तिसरी फळी, बारावा लुअर. बाकी सगळं वहीत. वहीत प्रत्येक लुअरला एक ओळ द्या आणि चार वेळा वजन लिहा, कोरं लाकूड, वायर-शिसं बसवल्यावर, सीलरनंतर, आणि हुकासकट फायनल. सगळ्यात महत्त्वाचं दुसरं, कारण तिथपर्यंत चूक दुरुस्त करता येते, लाकूड जड निघालं तर शिसं तेवढं कमी घालायचं, पेंट झाल्यावर काय करणार? फक्त एक, सगळं शिसं काढून भागवू नका, ते पोटात असतं म्हणून लुअर सरळ राहतो, लाकूड फारच जड असेल तर ते पॉपरला (पाण्यावर आपटत आवाज करणारा लुअर) किंवा बुडत्या लुअरला ठेवा.

पॅकिंगच्या फळीबद्दल वेगळं सांगायला हवं. न्हावाशेव्याला परदेशी मालाबरोबर जी पॅलेट येतात त्यांच्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो, त्यात देशाचा कोड आणि शेवटी दोन अक्षरं. एचटी असेल तर लाकूड उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं, ते घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात पॉलिश पेपरने घासू नका, सोडून द्या. शिक्का कापून टाकायच्या आधी तो वहीत उतरवा. शिक्काच नसेल तर ती फळी कुठून आली ते कळायला मार्ग नाही, मी तरी घेणार नाही.

वायर आणि एपॉक्सीचं थोडक्यात. 304 आणि 316 या स्टेनलेस स्टीलच्या दोन जाती, त्यांची वायर डोळ्याने ओळखता येत नाही आणि खाऱ्या पाण्यात 316 जास्त टिकते, म्हणून गुंडाळी आणली की तिलाच चिठ्ठी बांधा, गुंडाळी संपेपर्यंत काढायची नाही. एपॉक्सीच्या बाटलीवर उघडल्याची तारीख आणि मिश्रणाचं प्रमाण वजनाने घ्यायचं का मापाने ते मोठ्या अक्षरात लिहा, रेझिन आणि हार्डनर सारख्या वजनाचे नसतात, मापाचं 2:1 काट्यावर 2:1 येत नाही आणि मग लुअर चिकटच राहतो. जुना हार्डनर पिवळा पडतो, तो गडद रंगाला वापरा.

प्रश्न: वडिलांचे जुने लाकडी लुअर सापडलेत, एकावरही काही लिहिलेलं नाही. लाकूड कसं ओळखायचं? (गिरगावातल्या वाचक)

उत्तर: ताई, पेंट खरवडू नका. जुन्या रंगात आणि आत भरलेल्या वजनात शिसं असू शकतं, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. हुक काढून लुअरचं वजन घ्या, मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा आणि लुअर बारीक दोऱ्याने, तरंगत असेल तर सुईने दाबून, पूर्ण बुडवा पण तळाला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके सीसी त्याचं आकारमान. दोन्ही आकडे वहीत लिहा. यावरून लाकडाची जात नाही कळत, आत शिसं किती ते माहीत नाही ना, तेव्हा त्या रकान्यात 'माहीत नाही' असंच लिहा, अंदाजाने 'सागवान' लिहून ठेवलं की पुढच्या पिढीला ते खरं वाटतं. नंबर लुअरवर न टाकता कापडी पट्टीवर लिहून बांधा. आणि रबरी मऊ आमिषं त्याच डब्यात ठेवू नका, त्यातलं तेल जुना रंग वितळवतं.

प्रश्न: थोडे लुअर विकायचेत. गिऱ्हाइकाला लेबलवर काय काय सांगायचं?

उत्तर: पाकिटात बंद करून विकणार असाल तर पॅकबंद मालाच्या 2011 च्या नियमांनी बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. माझ्या मते त्याच्याखाली लांबी, हुकासकट वजन, लाकूड, शिसं आहे की नाही, आणि तरंगतो की बुडतो हे लिहाच, आणि कुठल्या पाण्यात तपासला तेही. 40 सीसीच्या लुअरला खाऱ्या आणि गोड्या पाण्यात 1 ग्रॅमचा फरक पडतो, मढच्या समुद्रात जेमतेम तरंगणारा पवईच्या तलावात बुडू शकतो, आणि गिऱ्हाईक म्हणणार फसवलं. परदेशी पाठवायचे असतील तर शिसम वापरताना जपून, ते साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, आणि शेपटीला मोरपीस तर अजिबात नको, त्याच्या निर्यातीला आपल्याकडे बंदी आहे. कोंबड्याचं पीस लावा आणि तसं लेबलवर लिहा.