नवख्यांसाठी हार्डवेअरच्या सेटिंग्ज: काय ठरवून द्यावं, काय विचारावं

तुम्ही पहिल्यांदाच लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक तयार आवृत्ती बांधताय. ग्राफिक्स, टचपॅड, वायफाय, बॅटरी, डिस्क शेड्युलर (डिस्कची कामं कोणत्या क्रमाने करायची ते ठरवणारा भाग) यांच्या सेटिंग्ज आधीच ठरवून द्याव्यात की इन्स्टॉल करताना विचाराव्यात, असा तुमचा प्रश्न आहे.

भाषा, कीबोर्ड, टाइमझोन, पासवर्ड एवढंच विचारा. 'कोणता ड्रायव्हर हवा?' असं विचारलंत तर नवखा माणूस अंदाजपंचे काहीतरी निवडणार, आणि बिघडलं की 'तुम्हीच निवडलं होतंत' हे ऐकून घेणार. याला पर्याय देणं म्हणत नाहीत, जबाबदारी झटकणं म्हणतात.

बाकी सगळं तुम्हीच ठरवा, पण प्रत्येक सेटिंग एकाच कसोटीवर घासा: ही या मशीनवर चुकीची निघाली, तर ती दुरुस्त करायची साधनं हातात उरतात का? पडदा, कीबोर्ड, पॉइंटर आणि नेट ही ती साधनं. त्यांना धक्का लागत असेल तर ताक फुंकून प्या. लागत नसेल तर बिनधास्त ठरवा. रिझोल्यूशन बदलल्यावर गनोम (लिनक्सवरचा एक डेस्कटॉप) २० सेकंद आणि विंडोज १५ सेकंद थांबतं, होकार आला नाही तर जुनं परत आणतं. ते याचसाठी.

सगळ्यात जास्त डोकेदुखी ग्राफिक्सची. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात, तिथे हात लावू नका. एनव्हिडियाचा कंपनीचा ड्रायव्हर मात्र इन्स्टॉल करतानाच घालायचा मोह टाळा. सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल आणि ड्रायव्हर त्याच मशीनवर कंपाइल होत असेल, तर त्याच्या सहीची किल्ली मशीनमध्ये नोंदवावी लागते. त्यासाठी रीस्टार्टनंतर एक निळा पडदा येतो, कुठलंही बटण दाबायला १० सेकंद देतो आणि निघून जातो. नवखा माणूस तेवढ्यात चहा ढवळत असतो. मग सही नसलेला ड्रायव्हर लोड होत नाही, आणि नूवो, म्हणजे एनव्हिडियासाठीचा कर्नलमधला मुक्त ड्रायव्हर, तर आपण आधीच बंद करून ठेवलेला. समोर काळा पडदा येऊ शकतो. त्यापेक्षा सुरुवात नूवोवरच होऊ द्या; पहिलं लॉगिन झालं, पडदा दिसतोय, नेट चालतंय, की मग 'वेगवान ड्रायव्हर घाला' असं बटण द्या आणि निळ्या पडद्याची सूचना तिथेच लिहा. बूट मेनूत 'नोमोडसेट' (ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवून साध्या पडद्यावर सुरू करणारा पर्याय) लावलेली एक सुरक्षित नोंद ठेवा. आणि कृपा करून तो मेनू दिसायला छान वाटावं म्हणून लपवू नका!

वायफायचं फर्मवेअर (चिप चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच हवं. नाहीतर वायफाय चालवायला फर्मवेअर हवं आणि ते उतरवायला वायफाय हवं, असा तिढा पडतो. फक्त मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरणाऱ्या डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ लिनक्स मंडळींनीही २०२२ मध्ये मतदान घेऊन हे मान्य केलं, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आलं. वायफायची पॉवरसेव्हही मी बंदच ठेवेन. नेट सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरमध्ये त्याची किंमत २, म्हणजे बंद, करायची. बॅटरी थोडी जास्त जाईल, पण काही चिप पॉवरसेव्हमध्ये मधेच नेट तोडतात आणि त्याचं कारण हे आहे हे नवख्याला सात जन्मात कळणार नाही. इथे माझ्याशी न पटणारे बरेच भेटतील.

टचपॅडवर टॅप केलं की क्लिक व्हायलाच हवं. बटणं न दिसणाऱ्या पॅडवर ते झालं नाही तर पॅडच मेलाय असं वाटतं. गनोमनेही ४६ व्या आवृत्तीत, २०२४ मध्ये, हे डीफॉल्ट केलं. स्क्रोलची दिशा कुठलीही ठेवा.

कीबोर्डचं एक पाहा: मूळ लेआउट रोमनेतर लिपीचा असला तरी लॉगिनच्या पडद्यावर रोमन लेआउट हाताशी हवा, आणि कुठला चालू आहे ते दिसलं पाहिजे. डिस्क एन्क्रिप्ट करत असाल तर बूटच्या वेळीही.

झीरॅम (रॅममधलाच मजकूर दाबून बसवून जागा वाढवणारी सोय) चालू करून टाका. फेडोरा या लिनक्सने ३३ व्या आवृत्तीपासून केलंय आणि कमी रॅमच्या मशीनला त्याचा खरंच फायदा होतो. हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) बंद ठेवा, कारण जागं होताना गडबड झाली तर न साठवलेलं काम जातं. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय द्या, पण डीफॉल्ट नको. चार्ज पुढे सरकत नाही म्हणून लोक बॅटरी बदलायला निघतील.

तुमच्या यादीतला डिस्क शेड्युलरचा मुद्दा मात्र काढूनच टाका. कर्नल जे निवडतं ते राहू द्या.