चाळिशीत परीक्षा द्यायची, पण कोणती?

प्रश्न : मी बी.कॉम., वय ४१. दारव्हा तालुक्यातल्या एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. नोकरी सोडणं शक्य नाही. सीए करू, सीएमए (कॉस्ट अकाउंटन्सी) करू की जीडीसी अँड ए (सहकार आणि लेखा पदविका)?

उत्तर : नोकरी सोडायची नसेल तर सीएचा विचार सोडा. कॉमर्सला ५५ टक्के असतील तर इंटरमीडिएटला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला, थेट बसता येतं, पण पुढची दोन वर्षांची पूर्णवेळ आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) कोणाला चुकत नाही. सीएमए नोकरी सांभाळून करता येतं. इंटरमीडिएट आणि फायनल मिळून १६ पेपर, परीक्षा जून आणि डिसेंबरला. पण त्याचं चीज होतं ते कारखान्यात. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत जायचं मनात असेल तर जरूर करा. पतसंस्थेतच राहायचं असेल तर जीडीसी अँड ए.

सहकार खात्याची ही परीक्षा वर्षातून एकदाच, मे महिन्यात असते. १०० गुणांचे सहा पेपर. प्रत्येकात किमान ४० हवेत आणि एकूण ३००. बरेच जण इथेच फसतात : सगळ्या पेपरांत ४५ मिळवून निकालात नापास! ज्या विषयात ६० पडतात त्यात पुढच्या वर्षी सूट मिळते. म्हणून कायदा आणि लेखापरीक्षण, जे तुमच्या रोजच्या कामातलं आहे, त्यात साठी गाठायचीच असं ठरवा. मार्चअखेर आणि वसुलीत तुमचे दोन महिने जाणार, तेव्हा अभ्यास दिवाळी ते फेब्रुवारी एवढ्यातच उरकायचा. अर्जाची मुदतही त्याच सुमारास असते, ती चुकवू नका.

हिशेबशास्त्राला मात्र हलक्यात घेऊ नका. संस्थेत नोंदी संगणक करतो. पेपरात किर्दीपासून (रोजच्या नोंदवहीपासून) तेरीज (ट्रायल बॅलन्स) आणि ताळेबंद हातानं मांडावा लागतो. हमखास चुकते ती थकव्याजाची नोंद. समजा, २,००,००० रुपयांच्या थकीत कर्जावर १२ टक्क्यांनी वर्षाचं २४,००० व्याज येणं आहे. ते ताळेबंदात येणे बाजूला ‘येणे व्याज’ आणि देणे बाजूला ‘थकव्याज तरतूद’ असं दोन्हीकडे दाखवायचं. नफ्यात धरलंत तर हाती न आलेल्या पैशातून किमान २५ टक्के, म्हणजे ६,००० रुपये, राखीव निधीला जातात आणि उरलेल्यावर लाभांशाची मागणी होते. परीक्षकाआधी सभासदच विचारतील!

प्रश्न : पास झालं की लगेच ऑडिट करता येतं का?

उत्तर : नाही. प्रमाणित लेखापरीक्षक व्हायला पदवी आणि जीडीसी अँड ए सोबत सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तो नामतालिकेवरच्या, म्हणजे सहकार खात्याच्या मान्य यादीतल्या, एखाद्या लेखापरीक्षकाच्या हाताखाली मिळवा. एप्रिल ते जुलै त्यांना माणसं लागतातच, कारण वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण करायचं असतं. आणि ज्या संस्थेत नोकरी करता, तिचं ऑडिट तुम्ही करू शकत नाही.