‘मिसॉजिन्वार’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: कृष्णवर्णीय अभिनेत्री-गायिकांच्या मागे समाजमाध्यमांवर जी टोळधाड लागते, तिच्यामागच्या द्वेषाला इंग्रजीत ‘मिसॉजिन्वार’ म्हणतात; मराठीत ‘कृष्णवर्णीय स्त्रीद्वेष’ चालेल का?

माझ्या मते नाही. विग्रह करून पाहा: कृष्णवर्णीयांनी केलेला स्त्रीद्वेष, असाही अर्थ निघतो आणि तो भलताच आहे. मूळ शब्द अमेरिकी अभ्यासक मोया बेली यांनी घडवला. ‘मिसॉजिनी’ म्हणजे स्त्रीद्वेष, फ्रेंच ‘न्वार’ म्हणजे काळा. ‘वर्णद्वेष आणि स्त्रीद्वेष’ असं लिहूनही भागत नाही, कारण त्या ‘आणि’ने दोन सुटे द्वेष होतात.

ते सुटे का नाहीत, हे २०१६ मध्ये दिसलं. हॉलिवूडच्या नव्या ‘घोस्टबस्टर्स’मध्ये चार बायका प्रमुख भूमिकांत म्हणून चित्रपटावरच दात धरणारे पुष्कळ होते. तो राग चौघींवर होता. पण गोरिला म्हटलं गेलं ते लेस्ली जोन्सला, चौघींतल्या एकट्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला. पुढे तिच्या संकेतस्थळात घुसून तिची खासगी छायाचित्रं आणि पासपोर्टही उघड्यावर टाकला. यातलं किती ती बाई म्हणून आणि किती काळी म्हणून, हे कोण निवडून दाखवणार?

मी ‘कृष्णस्त्रीद्वेष’ सुचवेन. ‘कृष्ण’ म्हणताच देव आठवेल ही शंका रास्त, पण कृष्णपक्ष आणि कृष्णविवर वाचताना आपण अडत नाही.

जाता जाता ‘ट्रोल’बद्दल. ‘अभिनेत्री झाली ट्रोल’ हा मथळा मला फार खटकतो. ‘झाली’ म्हटलं की करणारे वाक्यातून पसार! ‘तिचा छळ केला’ असं स्वच्छ लिहावं.

आणि साथ देणाऱ्यांसाठी? २०२४ मध्ये लंडनच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ नाटकात ज्युलिएट म्हणून फ्रान्चेस्का अमेवुडा-रिव्हर्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची निवड होताच तिच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला, तेव्हा ८०० हून अधिक, प्रामुख्याने कृष्णवर्णीय, कलाकारांनी खुल्या पत्रावर सह्या केल्या. याला ‘पाठराखण’ म्हणू नये. शब्द मुळात गोड, नवरीच्या पाठराखणीतला. पण हल्ली बातम्यांत पाठराखण होते ती बहुधा आरोपीची. ते कलाकार तिच्या पाठीशी उभे राहिले, असंच लिहावं.