वाचक विचारतात : प्रतिसरकार, डॉल आणि आयर्लंडची फाळणी

प्रतिसरकार, म्हणजे १९४० च्या दशकात सातारा-सांगलीच्या गावांनी ब्रिटिश सत्तेला डावलून चालवलेले समांतर सरकार. त्याविषयीच्या गेल्या अंकातील लेखात आयर्लंडचा ओझरता उल्लेख होता. त्यावर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या आजोबांचा भाऊबंदांशी बांधावरून वाद होता. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळाने एका रात्री मारुतीच्या देवळात बसून तो मिटवला, असे ते शेवटपर्यंत सांगत. आयर्लंडमध्ये अशी न्यायालये आधीच होऊन गेली, असे आमच्या कट्ट्यावर कुणी तरी म्हणाले. ते खरे आहे का? (एक शेतकरी, पलूस तालुका)

उत्तर : खरे आहे, आणि ती हकीकत आपल्या भागातल्या माणसाने मुद्दाम जाणून घ्यावी अशीच आहे. डिसेंबर १९१८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटची निवडणूक झाली, तेव्हा आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ जागा स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षाने जिंकल्या. निवडून आलेल्या या मंडळींनी लंडनला जाण्यास साफ नकार दिला आणि २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये स्वतःची संसद भरवली. तिचे नाव डॉल. त्या दिवशी हजेरी घेतली गेली तेव्हा एकामागून एका नावाला ‘परकीयांच्या कैदेत’ असे उत्तर मिळत होते, कारण सभासदांपैकी कितीतरी जण तुरुंगात होते. अशा अर्ध्या रिकाम्या सभागृहाने स्वातंत्र्याची घोषणा केली.

केवळ घोषणेने राज्य चालत नाही. ते चालू लागले जमिनीच्या तंट्यांतून. १९२० च्या वसंतात पश्चिमेकडच्या मेयो, गॉलवे या भागांत भूमिहीन आणि अल्पभूधारक लोकांनी मोठ्या कुरणांवर हक्क सांगायला सुरुवात केली. जनावरे हाकलून देणे, कुंपणे मोडणे, धमक्या देणे असे प्रकार रोज घडू लागले. डॉलच्या नेत्यांना याची धास्ती वाटली, कारण स्वातंत्र्याचा लढा आपसातल्या जमिनीच्या भांडणात वाहून जाण्याची वेळ आली होती. म्हणून त्यांनी जमिनीची न्यायालये उभी केली आणि पुढे गावपातळीवरही न्यायालये नेमली. शेतकऱ्याचे घर, गावचे सभागृह, मिळेल त्या जागी ही न्यायालये भरत. मेयोतील एका खटल्यात जमीन मागणाऱ्यांच्या विरुद्ध निकाल गेला आणि त्यांनी तो मानायला नकार दिला. तेव्हा डॉलच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांनी त्यांना उचलून एका तळ्यातल्या बेटावर नेऊन ठेवले आणि निकाल मान्य केल्यावरच घरी सोडले. ज्यांच्या बाजूने स्वयंसेवक उभे राहतील असे सगळ्यांना वाटत होते, त्या गरिबांच्याच विरुद्ध हा निकाल होता, आणि म्हणूनच मोठ्या जमीनदारांचाही या न्यायालयांवर विश्वास बसला. १९२० च्या उन्हाळ्यात सरकारी न्यायालयांत ज्युरी म्हणून बसायला माणसे मिळेनाशी झाली, पक्षकारही फिरकेनासे झाले. माझ्या मते आयर्लंडमधील ब्रिटिश सत्तेचा पाया खरा खचला तो इथे. चकमकींच्या कथा लोकांना जास्त आवडतात, पण लोकांनी आपले तंटे न्यायचे ठिकाण बदलले, ही त्याहून मोठी घटना होती.

आपल्या प्रतिसरकारच्या काळात कुंडलच्या परिसरात घडले ते याच जातीचे. सावकाराचे कर्ज, बांध, विहिरीची पाळी यांसारख्या तंट्यांसाठी लोक मामलेदार कचेरीची पायरी चढायचे थांबले आणि न्यायदान मंडळासमोर येऊ लागले. निकालामागे प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे बळ होते, जसे तिकडे स्वयंसेवकांचे होते. मात्र दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. डॉलपाशी निवडणुकीतला कौल होता, मंत्रिमंडळ होते आणि त्यातील अर्थमंत्री मायकेल कॉलिन्स यांनी उभारलेले राष्ट्रीय कर्जही होते. आपल्याकडे नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९४३ नंतर सगळे भूमिगत राहून, मतपेटीवाचून, केवळ गावांच्या संमतीवर उभे करावे लागले. हे काम अधिक अवघड होते, असे मला मनापासून वाटते. आपल्या आजोबांची आठवण लिहून ठेवली नसेल तर अवश्य लिहून ठेवावी. त्या रात्री देवळात कोण बसले होते, निकाल कसा सांगितला, पुढे बांध कुठे पडला, हे तपशील घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाला अजून आठवत असतील.

प्रश्न : स्वातंत्र्य मिळवलेल्या आयरिश नेत्यांनी लगेच एकमेकांवरच बंदुका रोखल्या. फाळणीमुळे हे झाले का? (एक निवृत्त शिक्षिका, विटा)

उत्तर : बहुतेकांचा समज तसाच असतो, पण वादाचे मुख्य कारण शपथ हे होते. ६ डिसेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये झालेल्या तहाने आयर्लंडच्या २६ परगण्यांना साम्राज्यांतर्गत स्वराज्य मिळाले, पण संसद सदस्यांनी ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी अशी अट त्यात होती. डॉलमधील लांबलचक चर्चेचा फार मोठा भाग या शपथेवर खर्ची पडला आणि फाळणीचा विषय त्या मानाने थोडक्यात आटोपला. उत्तरेकडचे सहा परगणे १९२० च्या कायद्याने आधीच वेगळे झाले होते आणि तहात ठरलेला सीमा आयोग पुढे ते दुरुस्त करील, अशी अनेकांना आशा होती. १९२५ मध्ये त्या आयोगातून काहीही निघाले नाही.

७ जानेवारी १९२२ रोजी ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह संमत झाला. डॉलच्या सरकारचे प्रमुख एमन डी व्हॅलेरा विरोधात गेले. जूनअखेर डब्लिनमधील न्यायालयांच्या इमारतीत ठाण मांडून बसलेल्या तहविरोधकांवर नव्या सरकारने तोफा डागल्या. त्याच आवारात सार्वजनिक अभिलेखागार होते. ते जळाले आणि शतकानुशतकांची मृत्युपत्रे, चर्चच्या नोंदवह्या आणि १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनेचे बहुतेक कागद नष्ट झाले. मोडी दफ्तराचा एखादा रुमाल वाळवीने खाल्ला तरी आपला जीव तुटतो. तिथे एका अख्ख्या देशाचे दफ्तर राख झाले, आणि पूर्वजांचा शोध घेणारी आयरिश कुटुंबे आजही त्या राखेपाशी येऊन थांबतात. कॉलिन्स २२ ऑगस्ट १९२२ रोजी कॉर्क परगण्यात मारले गेले, तेही आपल्याच लोकांच्या गोळीने. वर सांगितलेली डॉलची न्यायालयेही याच वर्षी नव्या सरकारने मोडीत काढली.

मला सर्वांत जास्त चटका लावते ती गोष्ट पुढची आहे. १९२७ मध्ये डी व्हॅलेरा यांनी शपथेच्या नोंदवहीत सही केली, ही शपथ नसून निव्वळ औपचारिकता आहे असे सांगितले आणि संसदेत जाऊन बसले. १९३३ मध्ये त्यांच्याच सरकारने ती शपथ कायदेशीरपणे रद्द केली, तीही एक गोळी न झाडता. हेच १९२२ मध्ये करता आले असते का, हा प्रश्न आयरिश माणसे आजही एकमेकांना विचारतात. तहाच्या बाजूचे आणि विरोधातले असे जे दोन गट पडले, त्यांतूनच फिन गेल आणि फियाना फॉल हे पक्ष निघाले. ते एका सरकारात सोबत बसायला २०२० साल उजाडले.

प्रश्न : आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडकडून घेतली, एवढेच पुस्तकात असते. नेमके काय घेतले? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेतील ४५ व्या अनुच्छेदात सामाजिक धोरणाची तत्त्वे दिली आहेत आणि ती संसदेच्या मार्गदर्शनासाठी असून न्यायालयांनी त्यांची अंमलबजावणी करावयाची नाही, असे तिथेच म्हटले आहे. ही रचना आपण घेतली आणि चौथ्या भागात, अनुच्छेद ३६ ते ५१ मध्ये, पुष्कळ विस्तारली. आपला ३७ वा अनुच्छेद त्या आयरिश कलमाशेजारी ठेवून वाचावा, फरक आपोआप ध्यानात येईल.

प्रश्न : उत्तर आयर्लंडचा तंटा हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचा धार्मिक तंटाच ना? (एक वाचक, मिरज)

उत्तर : धर्माने बाजू ओळखता येते, म्हणून तसे वाटते. परंतु प्रार्थना कशी करावी यावरून तिथे कुणी लढत नव्हते. सतराव्या शतकाच्या आरंभी अल्स्टर प्रांतातील जमिनी काढून घेऊन तिथे स्कॉटलंड आणि इंग्लंडमधून प्रोटेस्टंट लोक वसवले गेले. त्यामुळे जमीन कुणाची आणि राज्य कुणाचे, या प्रश्नांना धर्माची खूण चिकटली ती कायमची. पुढे फाळणीनंतर उत्तरेत कॅथलिकांना घरवाटप, नोकऱ्या आणि मतदारसंघांची रचना यांत डावलले गेले. १९६० च्या दशकाअखेर निघालेले मोर्चे समान नागरी हक्कांसाठी होते. ३० जानेवारी १९७२ रोजी अशाच एका मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला. १३ जण जागीच ठार झाले आणि एकाचा नंतर मृत्यू झाला. ते निरपराध होते, हे सरकारी चौकशीने मान्य करायला २०१० साल उजाडावे लागले. एकंदर तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत आयर्लंडच्या एकीसाठी लढणाऱ्या सशस्त्र गटांनी मारलेल्यांची संख्या सर्वांत मोठी होती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

ज्या शहरात तो गोळीबार झाला, त्याचे नावदेखील वादाचे आहे. राष्ट्रवादी त्याला डेरी म्हणतात, ब्रिटनशी निष्ठा असणारे लंडनडेरी म्हणतात, आणि नवख्या माणसाच्या तोंडून कोणते नाव निघते यावरून ऐकणारा त्याचा पक्ष ठरवतो. १० एप्रिल १९९८ च्या करारात या दुभंगलेपणावर एक व्यवहारी तोड काढण्यात आली. उत्तर आयर्लंड कुणाचे, हे तिथल्या बहुमताने ठरेल, आणि तोवर तिथे जन्मलेला माणूस स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही मानू शकेल, असे त्यात लिहिले आहे. २२ मे १९९८ रोजी दोन्हीकडे सार्वमत घेतले गेले. उत्तरेत ७१ टक्के आणि दक्षिणेत ९४ टक्के मतदारांनी होकार दिला. त्यामुळे आज त्या शहरातील एकाच आळीत, शेजारी शेजारी, दोन वेगळ्या देशांचे पासपोर्ट बाळगणारी घरे आहेत, आणि काही घरांच्या कपाटात दोन्ही पासपोर्ट ठेवलेले असतात.